निदानापुढचे पाऊल : सिकलसेलचे लवकर निदान, तंत्रज्ञान आणि तरुण (यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

सारांश :
रोगाचे निदान लवकर व्हावे यासाठी तरुण संशोधक, विद्यार्थी व स्वयंसेवक नवनवीन साधने वापरीत आहेत. या प्रयत्नांचे कौतुक होते. त्यांची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या आधारे अशा प्रयत्नांचे मूल्यमापन केले आहे. निदान लवकर झाले असे केव्हा म्हणावे, तरुणांच्या पूर्वीच्या प्रयोगांतून काय शिकावयास मिळते आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात महाविद्यालयीन तरुणांनी कोणती जबाबदारी उचलावी, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे. साधनाच्या नवेपणापेक्षा निदानानंतर रुग्णापर्यंत काय पोहोचले यावरून अशा प्रयत्नांचे मोल ठरवावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सिकलसेल, लवकर निदान, सोल्युबिलिटी चाचणी, वाहक, समुपदेशन, यवतमाळ.

१. प्रस्तावना

विद्यापीठीय संशोधन महोत्सवांत आणि महाविद्यालयीन विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे आरोग्यविषयक उपकरणांची संख्या वाढली आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने रक्तक्षय ओळखणे, खोकल्याच्या आवाजावरून क्षयरोगाचा अंदाज घेणे, छायाचित्रावरून तोंडाच्या कर्करोगाची शंका व्यक्त करणे असे विषय विद्यार्थी आवडीने निवडतात. परीक्षकही 'अचूकता किती टक्के?' असा प्रश्न विचारून समाधान मानतात. हा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. ज्याच्या रक्तात दोष सापडला त्याचे दुसऱ्या दिवशी काय झाले, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाची निकड यवतमाळ जिल्ह्यात विशेष जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांहून अधिक असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण अठरा टक्क्यांच्या वर आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. त्यांपैकी कोलाम समाजाची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. सिकलसेल हा आजार विदर्भातील आदिवासी समाजांप्रमाणेच काही अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही आढळतो. त्यामुळे हा एखाद्या दुर्गम पाड्यापुरता प्रश्न नसून जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाच्या हजेरीपटाशी संबंधित असा प्रश्न आहे.

२. 'लवकर' या शब्दाचा अर्थ

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या घडणीतील एका सूक्ष्म बदलामुळे होणारा विकार होय. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि पुढे अवयवांची हानी संभवते. दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे विदर्भात रूढ असलेल्या शब्दांत 'एएस पॅटर्न'ची असते आणि सर्वसाधारणपणे निरोगी जीवन जगते. दोघांकडूनही आला तर 'एसएस पॅटर्न', म्हणजे प्रत्यक्ष आजार होतो. दोन वाहकांच्या विवाहातून होणाऱ्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.

नवजात बालकात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असल्याने पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. हे संरक्षण ओसरल्यानंतर मात्र धोका झपाट्याने वाढतो. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन महिने ते तीन वर्षे वयाच्या सिकलसेलग्रस्त बालकांना दिवसातून दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन देण्यात आले. त्यामुळे न्युमोकॉकस जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला आणि चाचणी नियोजित वेळेपूर्वीच थांबवून सर्व बालकांना औषध देणे योग्य ठरले. पुढील वर्षी तेथील तज्ज्ञ परिषदेने नवजात बालकांच्या सार्वत्रिक तपासणीची शिफारस केली.

या घटनाक्रमाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. नवजात बालकातील सिकलसेल ओळखण्याचे तंत्र १९८६ पूर्वीही उपलब्ध होते. त्या निदानाला सार्वत्रिक धोरणाचे बळ मिळाले ते एक स्वस्त औषध त्याला जोडले गेल्यावर. जमैकामध्ये डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने तर मातांना बाळाची प्लीहा, म्हणजे पानथरी, हाताने चाचपून पाहण्यास शिकविले. पानथरीत अचानक रक्त साचल्याने होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले. तेथे निदानाचे साधन आईचा हात हेच होते. मात्र सूज लागताच कोठे जावयाचे हे तिला ठाऊक होते. तेव्हा 'लवकर' हा शब्द केवळ कालवाचक नाही. उपचाराची वेळ टळण्यापूर्वी झालेले आणि उपचारापर्यंत पोहोचलेले निदान तेच लवकर निदान होय.

३. तरुणांच्या हाती साधन : इतिहासाची साक्ष

सिकलसेलच्या ज्ञानाचा इतिहास हा बऱ्याच अंशी तरुणांच्या जिज्ञासेचा इतिहास आहे. १९०४ साली शिकागोतील एका रुग्णालयात अर्नेस्ट आयर्न्स या तरुण इंटर्नने दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यात त्याला लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी हे निरीक्षण १९१० साली प्रसिद्ध केले. १९४० मध्ये आयर्व्हिंग शर्मन या वैद्यकीय विद्यार्थ्याने प्राणवायूविरहित सिकल पेशींतून प्रकाश वेगळ्या रीतीने जातो हे दाखविले. त्या निरीक्षणाचा धागा लायनस पॉलिंग यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्या हार्वे इटानो याने सहकाऱ्यांसह विद्युत्-वहनाच्या पद्धतीने दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन वेगळे करून दाखविले. १९४९ च्या या शोधनिबंधाने 'रेणवीय आजार' ही संकल्पना वैद्यकाला दिली. या तिन्ही उदाहरणांत तरुणाची दृष्टी आणि संस्थेचा आधार यांचा संयोग दिसून येतो.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९७१ पासून अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेलची तपासणी हाती घेतली. शासकीय यंत्रणेने दुर्लक्षिलेला आजार त्यांनी सार्वजनिक चर्चेत आणला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. त्यांच्या हाती असलेली साधी सोल्युबिलिटी चाचणी हजारो लोकांपर्यंत पोहोचली. परंतु ती चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगू शकत नव्हती. १९७२ साली संघीय कायदा झाला, अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली, आणि समुपदेशनाची जोड नसल्याने वाहक व रुग्ण यांच्यातील फरक समाजात धूसर होत गेला. निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला गेल्याची उदाहरणे घडली. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीत वाहकांना असलेली प्रवेशबंदी १९८१ पर्यंत टिकली.

या पार्श्वभूमीवर त्या तरुणांना दोष देणे अन्यायाचे होईल. तपासणीची मागणी करणे हे त्यांचे काम होते. तपासणीनंतरची व्यवस्था उभारणे हे राज्यसंस्थेचे. मात्र अपुरी चाचणी आणि अपुरे समुपदेशन एकत्र आले की सदिच्छेतून झालेले कार्यही ज्यांच्यासाठी केले त्यांनाच जाचक ठरू शकते, हा धडा यवतमाळातील शिबिरांनाही लागू पडतो.

४. महाराष्ट्रातील दोन प्रयोग

आपल्या राज्यातील दोन प्रयोग या दृष्टीने तुलनेस योग्य आहेत. पहिला प्रयोग विदर्भातीलच आहे. १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आरंभीच्या काळात सिकलसेलचा अभ्यास केला. आजार आढळला, परंतु ज्याला तेव्हा उपाय नव्हता असा हा आजार लोकांना अग्रक्रमाचा वाटत नव्हता. संशोधकाचा प्रश्न आणि लोकांचा प्रश्न एकच असतो असे नाही, हा निष्कर्ष त्यांनी पुढे जाहीरपणे मांडला. त्यानंतर बालकांच्या न्यूमोनियाकडे लक्ष वळविताना त्यांनी अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी श्वास मोजण्याचे मण्यांचे साधे साधन तयार केले. मणी सरकवीत श्वास मोजावयाचे, ठराविक मर्यादेपलीकडे गेले की न्यूमोनिया समजावयाचा आणि औषध सुरू करावयाचे, अशी ही रीत होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी असल्याचे आढळले. या यशाचे मर्म मण्यांत शोधू नये. निदान करणारा हात आणि औषध देणारा हात एकच होता, यात ते आहे.

दुसरा प्रयोग मुंबई परिसरातील 'बायोसेन्स' या कंपनीचा आहे. डॉ. अभिषेक सेन, डॉ. योगेश पाटील आणि मिश्किन इंगवले या तरुण डॉक्टर-अभियंत्यांनी सुई न टोचता, बोटातून जाणाऱ्या प्रकाशाच्या आधारे हिमोग्लोबिन मोजणारे 'टच-एचबी' हे उपकरण विकसित केले. गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय गावातच ओळखला जावा हा त्यामागील हेतू होता. अनेक फसलेल्या नमुन्यांनंतर उपकरण आकारास आल्याची हकिगत इंगवले यांनी २०१२ च्या 'टेड' व्याख्यानात सांगितली. पुढे याच कंपनीने लघवीच्या तपासणीची पट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणारे 'यूचेक' हे अ‍ॅप आणले. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला पत्र पाठवून विचारणा केली. पट्ट्यांना मान्यता होती ती डोळ्यांनी वाचण्यासाठी. मोबाइल त्या वाचणार असेल तर संपूर्ण प्रणालीलाच स्वतंत्र मान्यता हवी, असा त्याचा आशय होता.

हा आक्षेप तांत्रिक वाटला तरी मूलगामी आहे. जुनी चाचणी आणि नवे अ‍ॅप यांची बेरीज ही एक नवीच चाचणी असते व तिला पुन्हा कसोटीस उतरावे लागते. प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेतून मोजमाप करणाऱ्या साधनांबाबत ही सावधगिरी अधिकच हवी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार, पल्स ऑक्सिमीटरने दाखविलेला आकडा समाधानकारक असतानाही रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. तेव्हा शहरातील प्रयोगशाळेत अचूक ठरलेले साधन उन्हात कापूस वेचणाऱ्या स्त्रीच्या राकट, काळवंडलेल्या बोटावर तितकेच अचूक ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक मुद्दा सिकलसेलशी थेट निगडित आहे. हिमोग्लोबिनचा आकडा कमी आला म्हणजे रक्तक्षय कळला, त्याचे कारण कळले असे नव्हे. लोहाची कमतरता आणि सिकलसेल यांतील भेद तो आकडा सांगत नाही. कारण न शोधता केवळ लोहाच्या गोळ्या देत राहिल्यास सिकलसेलचा रुग्ण वर्षानुवर्षे अनोळखीच राहू शकतो.

५. यवतमाळ : साखळीचे दुवे

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद जुनी आहे. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातील वाहकांविषयी लिहिले. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्या चमूने नवजात बालकांच्या तपासणीचा व बालकांतील हायड्रॉक्सियुरियाच्या वापराचा अभ्यास केला. चंद्रपूर येथील हिमोग्लोबिन विकारांविषयीचे संशोधन व नियंत्रण केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला; ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे जाहीर झाली. म्हणजे ज्ञान, संस्था आणि धोरण या तिन्ही गोष्टी यवतमाळच्या आसपास उपलब्ध आहेत.

अडचण येते ती दुव्यांची. पहिल्या टप्प्यातील सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात मिसळला जातो. द्रावण गढूळ झाले तर दोष आहे असे समजतात. चाचणी स्वस्त व तत्काळ आहे. तथापि एएस व एसएस यांत ती भेद करीत नाही, सहा महिन्यांखालील बालकांत ती विश्वसनीय नाही आणि तीव्र रक्तक्षयातही ती फसू शकते. म्हणून दोष आढळलेल्या प्रत्येकाची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पद्धतीने खातरजमा अपरिहार्य ठरते. नजीकच्या काळात रक्तसंक्रमण झाले असेल तर तीही दिशाभूल करू शकते. प्रतिपिंडांवर आधारलेल्या नव्या कागदी पट्ट्या काही मिनिटांत एए, एएस व एसएस यांत भेद दाखवितात. त्यांनी एक दुवा निश्चितच आखूड केला आहे.

तरीही पुढचे दुवे उरतातच. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर शिबिर झाले, नमुने तालुक्याला गेले, अहवाल येईपर्यंत कुटुंब कापूस वेचणीसाठी दुसऱ्या गावी गेले, तर तो अहवाल कोणाला द्यावयाचा? नाव एका नोंदीत एका तऱ्हेने आणि दुसरीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले गेले तर तो माणूस कसा सापडावयाचा? एसएस पॅटर्नच्या रुग्णाला औषध दरमहा कोठून मिळावयाचे? यांपैकी एकही प्रश्न नव्या यंत्राने सुटणारा नाही. नेमक्या याच ठिकाणी स्थानिक तरुणाची गरज आहे. त्याला कोलामी किंवा गोंडी बोलता येते, पोडावरची माणसे तो ओळखतो आणि मोबाइलवर नोंदवही ठेवणे त्याला सहज जमते. तंत्रज्ञानाचा वापर म्हणजे केवळ उपकरणनिर्मिती ही समजूत सोडली तर आठवण देणारा संदेश, चुकत नाही अशी यादी आणि अहवालाचा पाठपुरावा हेही तंत्रज्ञानच आहे, हे मान्य करावे लागेल.

६. कार्ड, विवाह आणि गोपनीयता

निदानाचा परिणाम शरीरापुरता राहत नाही. १९७४ साली ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे सर्वांची सिकलसेल तपासणी व समुपदेशन करूनही वाहकांची आपसांतील लग्ने अपेक्षेप्रमाणे घटली नाहीत. उलट काहींनी विवाहाच्या वेळी आपली स्थिती लपविली आणि वाहकांना कमीपणा आला. आपल्याकडे तपासणीनंतर कार्ड दिले जाते व विवाहापूर्वी दोघांची कार्डे ताडून पाहण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. परंतु एएस पॅटर्नच्या मुलीचा विवाह एए पॅटर्नच्या मुलाशी झाला तर अपत्यास आजार होत नाही, हे वाक्य दोन्ही घरांपर्यंत पोहोचले नाही, तर तेच कार्ड तिच्या वाट्याला नकार आणते. मुलाकडील बाजूने आपले कार्ड दाखविलेच नाही तर दोषाचा सगळा भार मुलीवर पडतो.

शिबिरात एकेकाचे नाव पुकारून सर्वांदेखत निकाल सांगणे, सहभागींची यादी व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकणे, अहवालासह छायाचित्र प्रसिद्ध करणे हे प्रकार म्हणून आक्षेपार्ह ठरतात. आनुवंशिक माहिती एका व्यक्तीची नसते. ती तिच्या भावंडांचीही असते. मोबाइलमुळे नोंद ठेवणे जितके सोपे झाले तितकेच ती फुटणेही सोपे झाले आहे.

७. महाविद्यालयांकडून अपेक्षा

वरील विवेचनावरून अशा उपक्रमांसाठी चार निकष सुचविता येतात. एक, पहिल्या चाचणीत दोष आढळलेल्या किती जणांची खातरजमा पूर्ण झाली? दोन, त्यांपैकी किती जणांना त्यांच्या बोलीत, खासगीत, समुपदेशन मिळाले? तीन, एसएस पॅटर्नचे किती रुग्ण सहा महिन्यांनंतरही उपचार घेत आहेत? चार, माहिती कोणाच्या ताब्यात आहे आणि ती देणाऱ्याची संमती घेतली होती काय? प्रकल्प अहवालात 'इतक्या विद्यार्थ्यांची तपासणी केली' या वाक्यापुढे ही चार उत्तरे नसतील तर तो प्रकल्प अपूर्ण समजावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनाही हेच लागू आहे. समुपदेशन व उपचाराची जोड प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी आधी निश्चित करावी, मगच सुई टोचावी.

प्राध्यापकांचाही यात एक वाटा आहे, आणि त्याला कोणतेच उपकरण लागत नाही. वेदनेचा झटका आलेला सिकलसेलग्रस्त विद्यार्थी वर्गात वारंवार गैरहजर राहतो. बाहेरून तो धडधाकट दिसत असल्याने त्याची गणना सहज कामचुकारांत होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. हजेरी, परीक्षा व वसतिगृह यांबाबत त्याला सवलत मागण्याचा आधार आहे, हे महाविद्यालयाला ठाऊक असले पाहिजे. थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता व अतिश्रम यांनी झटका बळावतो. क्रीडा विभाग आणि श्रमदान शिबिरे यांनी ते ध्यानात ठेवावयास हवे.

८. समारोप

तरुणांच्या तंत्रप्रयोगांना नाउमेद करणे हा या चिकित्सेचा हेतू नाही. आयर्न्सने सूक्ष्मदर्शकातून पाहिले नसते तर या आजाराची ओळख लांबली असती आणि पँथर तरुणांनी दारोदार जाऊन मागणी केली नसती तर एक दुर्लक्षित आजार दुर्लक्षितच राहिला असता. परंतु आयर्न्सच्या काळी निदानापुढे काही करता येत नव्हते. आज करता येते. हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे, लसी आहेत, पेनिसिलिन आहे, पानथरी चाचपण्याची रीत आहे. उपाय नसताना झालेले अपुरे निदान क्षम्य होते. उपाय असताना अर्ध्यावर सोडलेले निदान हे एखाद्या बालकाच्या पहिल्या पाच वर्षांशी आणि एखाद्या मुलीच्या विवाहाशी खेळणे ठरते. यवतमाळच्या तरुणाने नवे यंत्र अवश्य घडवावे. त्याचे मूल्यमापन करणाऱ्यांनी मात्र गुणपत्रिका भरण्यापूर्वी, पोडावरच्या त्या बालकापर्यंत औषधाची बाटली पोहोचली काय, एवढे विचारून घ्यावे.